तिकीटखिडकी बंद झाली तेव्हा

अमेरिकेतल्या एखाद्या मध्यम शहरात शुक्रवारी रात्री आइस हॉकीचा सामना पाहायला गेलं, की मध्यंतरात एक खेळ बऱ्याच ठिकाणी दिसतो. प्रेक्षकांनी थोडे पैसे देऊन क्रमांक घातलेल्या फोमच्या चकत्या घेतलेल्या असतात. बर्फाच्या मधोमध एक खूण किंवा बादली ठेवली जाते, निवेदक इशारा देतो आणि चारी बाजूंच्या गॅलऱ्यांतून शेकडो चकत्या एकदम खाली येतात. ज्याची चकती खुणेच्या सगळ्यांत जवळ पडेल त्याला बक्षीस. मग शाळकरी मुलं घसरत घसरत चकत्या गोळा करतात, झांबोनी नावाचं यंत्र बर्फ गुळगुळीत करून जातं आणि पुढचा डाव सुरू होतो. ‘चक-अ-पक’ म्हणतात याला. पाहणाऱ्याला हा निव्वळ विरंगुळा वाटतो. संघ चालवणाऱ्याच्या वहीत मात्र त्या चकत्या उत्पन्नाच्या रकान्यात असतात. तिकीट, पार्किंग, बिअर, टोपी, अर्धी रक्कम विजेत्याला देणारी सोडत आणि या चकत्या: धाकट्या व्यावसायिक हॉकी लीगचा संसार अशा सुट्या पैशांवर उभा असतो.

म्हणूनच असा हंगाम मध्येच तुटतो तेव्हा करंडक कोणाला मिळाला नाही हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. प्रेक्षक दारातून आत आलेच नाहीत तर उरतं काय, आणि जे उरतं त्याचा भार कोणावर पडतो, हे पाहायला हवं. २०२० च्या मार्चमध्ये उत्तर अमेरिकेतल्या सगळ्याच धाकट्या लीगना या प्रश्नाला एकाच आठवड्यात सामोरं जावं लागलं.

या खेळाची उतरंड आधी समजून घेऊ. सगळ्यांत वर नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल. तिच्याखाली १९३६ पासून चालत आलेली अमेरिकन हॉकी लीग, एएचएल. २०१९-२० मध्ये तिथे ३१ संघ होते, म्हणजे एनएचएलच्या प्रत्येक संघामागे एक. त्याखाली ईसीएचएल. १९८८ मध्ये हेन्री ब्रॅबहॅम आणि बिल कॉफी यांच्या पुढाकाराने ईस्ट कोस्ट हॉकी लीग या नावाने, अवघ्या ५ संघांनिशी ती सुरू झाली. पुढे पश्चिमेकडची लीग तिच्यात आली, ‘ईस्ट कोस्ट’ नाव अपुरं पडलं आणि फक्त आद्याक्षरं उरली. २०१९-२० मध्ये तिचे २६ संघ होते आणि प्रत्येकाला ७२ सामने खेळायचे होते. त्याहून खाली सदर्न प्रोफेशनल हॉकी लीग (एसपीएचएल) आणि फेडरल प्रॉस्पेक्ट्स हॉकी लीग (एफपीएचएल). या दोन्ही स्वतंत्र, डोक्यावर एनएचएलचं छत्र नसलेल्या.

या शिडीच्या खालच्या पायऱ्यांवरून माणसं वर जातात, ही नुसती सांगायची गोष्ट नाही. २०१२ मध्ये एनएचएलचा स्टॅन्ली कप जिंकणाऱ्या लॉस एंजेलिसचा गोलरक्षक जोनाथन क्विक ईसीएचएलच्या रेडिंग संघात खेळलेला. २०१८ मध्ये वॉशिंग्टनला कप मिळवून देणारा ब्रेडन होल्टबी ईसीएचएलच्याच साउथ कॅरोलिना संघात खेळून गेलेला. आणि २२ फेब्रुवारी २०२० ला, सगळं ठप्प होण्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी, टोरांटोत एनएचएलच्या सामन्यात एक वेगळीच घटना घडली. कॅरोलिनाचे दोन्ही गोलरक्षक जखमी झाले आणि नियमाप्रमाणे राखीव म्हणून बसलेल्या डेव्हिड एअर्सला मैदानात उतरावं लागलं. वय ४२. मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण झालेलं. एएचएलच्या टोरांटो मार्लीज संघाच्या मैदानावर झांबोनी चालवलेला माणूस. त्याने ८ फटके अडवले, कॅरोलिनाने सामना ६-३ असा जिंकला. त्या रात्री शिडीची वरची आणि खालची टोकं एकमेकांना चिकटल्यासारखी वाटली.

तीन आठवड्यांनी ती टोकं किती लांब आहेत ते कळलं.

११ मार्चच्या बुधवारी बास्केटबॉलच्या एनबीएने हंगाम थांबवला. १२ मार्चला एनएचएलने खेळ स्थगित केला, पाठोपाठ एएचएलनेही. १४ मार्चला, शनिवारी, ईसीएचएलने पुढचं पाऊल उचललं. स्थगितीच्या भाषेत न अडकता तिने उरलेला हंगाम थेट रद्द केला. बहुतेक संघांचे दहाएक सामने बाकी होते, त्यानंतर बाद फेरी. एसपीएचएल आणि एफपीएचएल याच वाटेने गेल्या. एएचएल मात्र थांबून राहिली. तिने ११ मे ला, जवळजवळ दोन महिन्यांनी, हंगाम संपल्याचं जाहीर केलं. तोवर एकदाही न चुकलेला तिचा कॅल्डर कप त्या वर्षी कोणालाच दिला गेला नाही. मिलवॉकी अ‍ॅडमिरल्सचा संघ तेव्हा साऱ्या लीगमध्ये अव्वल होता.

हा दोन दिवस आणि दोन महिने यांतला फरक नीट पाहण्यासारखा आहे. एएचएलला थांबणं परवडत होतं, कारण तिथल्या अनेक खेळाडूंचे करार मुळात एनएचएल संघांशी असतात आणि त्यांच्या मागे मोठ्या घराचा आधार असतो. ईसीएचएलचा संघ थांबला तर प्रत्येक आठवड्याचा पगार, घरभाडं, मैदानाचं भाडं अंगावर येतं आणि समोरून एक डॉलरही येत नाही. आजाराच्या दृष्टीने लवकर थांबणं योग्यच होतं. बसमधून बारा-पंधरा तास एकत्र प्रवास करणारे, एका खोलीत दोघे राहणारे खेळाडू आणि बंदिस्त थंड सभागृहात खेटून बसलेले प्रेक्षक, यांना मार्च २०२० मध्ये एकत्र आणत राहणं धोक्याचंच ठरलं असतं. पण लीग इतक्या तातडीने बंद झाली त्यामागे हिशेबही होता, हे मान्य करायला हवं.

आता खेळाडूंकडे वळू. ईसीएचएलमध्ये तेव्हा किमान पगार आठवड्याला पाचशे डॉलरच्या आसपास होता. राहायची सोय संघ करतो, हंगाम चालू असताना आरोग्य विमा असतो. ‘व्यावसायिक खेळाडू’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र येतं त्याच्याशी या जगण्याचा काही संबंध नाही. बहुतेक जण उन्हाळ्यात दुसरं काही काम करतात, कोणी बांधकामावर, कोणी मुलांच्या शिबिरात. ठरलेला हंगाम एप्रिलपर्यंत होता आणि पगार मार्चच्या मध्यावर थांबला. चांगल्या संघांतले खेळाडू बाद फेरीचे आणखी काही आठवडे धरून चालले होते, तेही गेले.

त्या आठवड्याचं चित्र फार साधं आहे. ड्रेसिंग रूममध्ये प्रशिक्षक सगळ्यांना बसवून सांगतात, की संपलं. साहित्य सांभाळणारा माणूस एकेकाच्या खणातून स्केट्स, खांद्यांची पॅडं काढून पिशवीत भरायला मदत करतो. संघाने दिलेलं भाड्याचं घर रिकामं करायचं असतं. मग कॅन्ससहून ओंटारिओपर्यंत किंवा फ्लोरिडाहून मिनेसोटापर्यंत स्वतःची गाडी चालवत जायचं. कॅनडाच्या मुलांना घाई होती, कारण २१ मार्चपासून अमेरिका आणि कॅनडामधली सीमा अत्यावश्यक कामाव्यतिरिक्तच्या प्रवासाला बंद होणार होती. युरोपातून आलेल्यांची अडचण आणखी मोठी, विमानंच मिळेनाशी झाली होती. आणि मागे मैदानात थंडाव्याची यंत्रं बंद केली की, दोन-अडीच सेंटीमीटर जाडीचा बर्फाचा थर काँक्रीटवरून सुटू लागतो. त्याखालचा पांढरा रंग, लाल-निळ्या रेषा, जाहिरातींची चित्रं, सगळं एका करड्या राडारोड्यात मिसळतं आणि फावड्याच्या गाडीने बाहेर ढकललं जातं. दर वर्षी हे हंगाम संपल्यावर होतं. या वेळी ते हंगामाच्या मध्येच झालं.

एक गोष्ट मला अजून खुपते. २७ मार्च २०२० ला अमेरिकेत जो मदतीचा कायदा झाला त्यात बेरोजगारांना नेहमीच्या भत्त्यावर आठवड्याला आणखी ६०० डॉलर केंद्राकडून मिळणार होते. म्हणजे ईसीएचएलमधल्या किमान पगारावरच्या खेळाडूला, तो त्या भत्त्याला पात्र असेल तर, घरी बसल्यावर मिळणारी ही नुसती वरची रक्कम बर्फावर मार खाऊन मिळणाऱ्या पगाराहून जास्त होती. यात त्या भत्त्याचं काहीच चुकत नाही. चूक पगाराची आहे, आणि ती महामारीच्या आधीपासूनची आहे.

एएचएल आणि ईसीएचएलच्या खेळाडूंची एक संघटना आहे, प्रोफेशनल हॉकी प्लेयर्स असोसिएशन, १९६७ ची. तिने आणि ईसीएचएलने मिळून खेळाडूंसाठी मदतनिधी उभा केला. चाहत्यांनीही त्यात पैसे घातले. हे मनापासून कौतुकाचं आहे. पण निधी ही मदत झाली, हक्क नव्हे. एसपीएचएल आणि एफपीएचएलच्या खेळाडूंना तर अशा संघटनेचंही पाठबळ नव्हतं.

इथे आपल्याकडचं एक उदाहरण आठवतं. त्याच आठवड्यात राजकोटला सौराष्ट्र आणि बंगाल यांच्यात रणजी करंडकाचा अंतिम सामना चालला होता. १३ मार्चचा पाचवा दिवस प्रेक्षकांविना खेळला गेला आणि सौराष्ट्राने पहिल्यांदा करंडक जिंकला. पुढच्या वर्षी, २०२०-२१ मध्ये, रणजी स्पर्धाच झाली नाही. ८७ वर्षांत असं पहिल्यांदा घडलं. रणजीच्या सामना-मानधनावर घर चालवणारे महाराष्ट्र, मुंबई, विदर्भाचे कितीतरी खेळाडू त्यात होते, ज्यांच्या वाट्याला आयपीएल कधी आलं नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये क्रिकेट मंडळाने आधीच्या हंगामात खेळलेल्यांना मानधनाच्या ५० टक्के इतकी भरपाई जाहीर केली. उशीर झाला, रक्कम अपुरी होती, तरी भरपाई ठरली. ती देता आली, कारण मंडळाकडे दूरचित्रवाणीचा पैसा आहे आणि रणजी त्या एकाच छपराखाली खेळली जाते. ईसीएचएलच्या २६ संघांचे मालक वेगवेगळे, कोणी स्थानिक उद्योजक, कोणी मैदान चालवणारी कंपनी. एकाने दुसऱ्याचं नुकसान भरून द्यायची तिथे रीतच नाही.

दूरचित्रवाणीचा मुद्दा इथेच येतो, आणि सगळ्या प्रश्नाचं मूळ माझ्या मते तिथे आहे. एनएचएलने १ ऑगस्ट २०२० पासून टोरांटो आणि एडमंटन या दोन शहरांत खेळाडूंना बंदिस्त ठेवून रिकाम्या मैदानात बाद फेरी घेतली. २८ सप्टेंबरला टँपा बेने स्टॅन्ली कप उचलला. गॅलरीत एक माणूस नसतानाही ते जमलं, कारण पाहणारे घरी होते आणि प्रक्षेपणाचे पैसे येत होते. धाकट्या लीगला हा मार्ग मोकळाच नव्हता. तिचा प्रेक्षक म्हणजे तिथे येऊन बसलेला माणूस. पेनसिल्वेनियातल्या हर्शी शहरात १ डिसेंबर २०१९ ला एएचएलच्या सामन्यात यजमानांचा पहिला गोल झाल्यावर लोकांनी मुलांच्या संस्थांसाठी ४५,६५० कापडी खेळणी बर्फावर टाकली होती. ते पडद्यावरून होत नाही.

हाच धडा युरोपात गिरवला गेला. जर्मनीच्या अव्वल डीईएल लीगने १० मार्चलाच, बाद फेरीआधी, हंगाम सोडून दिला. १९९४ मध्ये ती लीग सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच विजेता नव्हता. ब्रिटनच्या १० संघांच्या एलिट लीगने १३ मार्चला खेळ थांबवला, विजेता जाहीर केला नाही आणि पुढचा नेहमीचा हंगामही घेतला नाही, कारण प्रेक्षकांविना तिचं उत्पन्न जवळजवळ शून्य होतं. तिथे सरकारने हिवाळी खेळांच्या मदतीत आइस हॉकीचा वाटा ठेवला आणि २०२१ च्या वसंतात नॉटिंगहॅममध्ये चार संघांची छोटी मालिका तरी होऊ शकली. अमेरिकेतल्या धाकट्या संघांसाठी खास अशी तरतूद नव्हती. छोट्या उद्योगांच्या सर्वसाधारण योजनेत अर्ज करायचा आणि वाट पाहायची.

बायकांच्या हॉकीला तर दोनदा फटका बसला. तेव्हाच्या नॅशनल विमेन्स हॉकी लीगचा अंतिम सामना, बॉस्टन विरुद्ध मिनेसोटा, मार्च २०२० मध्ये अगदी तोंडावर आला असताना पुढे ढकलला गेला आणि अखेर रद्द झाला. जानेवारी २०२१ मध्ये लेक प्लॅसिडला सगळे संघ एकत्र ठेवून छोटा हंगाम सुरू केला, तोही संसर्गामुळे ३ फेब्रुवारीला थांबवावा लागला. शेवटी २७ मार्चला बॉस्टनमध्ये तेच दोन संघ अंतिम सामन्यात भिडले आणि बॉस्टनने ४-३ ने बाजी मारली.

हॉकीत अपुरा हंगाम काही नवा नव्हता. १९१९ मध्ये सिअ‍ॅटलला माँट्रियल आणि सिअ‍ॅटल यांच्यातली स्टॅन्ली कपची मालिका बरोबरीत होती आणि निर्णायक सामना काही तासांवर असताना ती इन्फ्लुएंझाच्या साथीने थांबली. माँट्रियलचा जो हॉल पाच दिवसांत रुग्णालयात वारला. मालिका पूर्ण न झाल्याची नोंद कपावर कोरलेली आहे. २००४-०५ मध्ये मालक-खेळाडू वादात एनएचएलचा आख्खा हंगाम बुडाला, तेव्हा मात्र धाकट्या लीग चालूच राहिल्या. स्कॉट गोमेझ हा एनएचएलचा खेळाडू आपल्या गावच्या, अलास्काच्या ईसीएचएल संघात जाऊन खेळला आणि त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. याहून जुनं, पैसे संपल्याने तुटलेल्या संघाचं उदाहरण इंडियानापोलिस रेसर्सचं. वर्ल्ड हॉकी असोसिएशनमधला हा संघ. १९७८ मध्ये त्यांनी १७ वर्षांच्या वेन ग्रेट्स्कीला ८ सामन्यांनंतर एडमंटनला विकलं आणि तरी डिसेंबरात कुलूप लावावं लागलं. म्हणजे हंगाम तुटण्याची कारणं तीन: साथ, वाद आणि रिकामी तिजोरी. पहिली दोन्ही अखेर तिसऱ्यापाशीच येतात.

२०२० नंतर काय झालं? ईसीएचएलने ११ डिसेंबर २०२० ला पुन्हा सुरुवात केली, पण २६ पैकी १२ संघांनी तो हंगाम खेळायचाच नाही असं ठरवलं. उत्तर विभाग तर संपूर्ण बाहेर राहिला. जे खेळले त्यांत फोर्ट वेनने लीगच्या विजेतेपदाचा केली कप जिंकला. एएचएलमधून तीन संघ बाजूला राहिले, त्यांत मिलवॉकी होता आणि २०१९ चा विजेता शार्लटही. कॅल्डर कप २०२१ मध्येही दिला गेला नाही. एसपीएचएलमध्ये दहाच्या जागी पाचच संघ उतरले. आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रॅम्प्टन बीस्ट हा ईसीएचएलचा ओंटारिओतला संघ कायमचा बंद झाला. टोरांटोजवळचं हे शहर, भारतीय वंशाची मोठी वस्ती असलेलं. कॅनडात हॉकीचं पंजाबी समालोचन वर्षानुवर्षं ऐकलं जातं. त्या भागात राहणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांनाही घराजवळ, परवडणाऱ्या तिकिटात व्यावसायिक हॉकी पाहायला मिळायची ती जागा गेली.

नोंदीचा प्रश्न लीगांनी आपापल्या परीने सोडवला. ईसीएचएलने साखळीतल्या अव्वल स्थानाचा ब्रॅबहॅम कप साउथ कॅरोलिना स्टिंगरेजना दिला. एसपीएचएलने कॉफी यांच्या नावाचा चषक पिओरियाला दिला. ज्या दोघांनी १९८८ मध्ये पाच संघ जमवले, त्यांच्या नावाचे चषक त्या वर्षी दिले गेले. ईसीएचएलचे पहिले आयुक्त पॅट्रिक केली यांच्या नावाचा करंडक तेवढा तसाच राहिला. माझ्या मते हे बरोबरच झालं. साठ-बासष्ट सामने खेळून मिळवलेलं अव्वल स्थान खरं आहे, ते कोणी पुसू नये. पण बाद फेरी न खेळता विजेता ठरवणंही खोटं ठरलं असतं.

पगाराबाबत मात्र माझं मत वेगळं आहे. हंगाम कोणत्याही कारणाने तुटला तरी ठरलेल्या शेवटच्या तारखेपर्यंतचा किमान पगार आणि विमा खेळाडूला मिळालाच पाहिजे, हे करारात लिहिलेलं असायला हवं. त्यासाठी प्रत्येक तिकिटामागे थोडी रक्कम बाजूला काढून लीगने सामाईक राखीव निधी ठेवावा. मालक म्हणतील की आधीच तोंडमिळवणी होत नाही. ते खोटं नाही. पण जो धंदा वाईट वर्षाचा सगळा भार आठवड्याला पाचशे डॉलर मिळवणाऱ्यावर टाकून उभा राहतो, त्याची मांडणीच चुकलेली आहे. आणि ही मांडणी फक्त महामारीत उघडी पडते असंही नाही.

२०१९ चा केली कप, म्हणजे साथीआधीच्या शेवटच्या पूर्ण हंगामाचा करंडक, न्यूफाउंडलंड ग्राउलर्सनी आपल्या पहिल्याच वर्षी जिंकला होता. एप्रिल २०२४ मध्ये साखळी सामने संपायला थोडे दिवस असताना ईसीएचएलने त्या संघाचं सदस्यत्व रद्द केलं. संघाने लीगची देणी आणि अटी पाळल्या नाहीत, हे कारण दिलं गेलं. संघाच्या सेंट जॉन्स शहरात त्या महिन्यात कसलीही साथ नव्हती. उरलेले सामने रद्द झाले आणि खेळाडूंनी पुन्हा एकदा पिशव्या भरल्या.